साबणासाठी भांडलेली एमिली

कॉर्नवॉलमध्ये सेंट आइव्ह्ज आणि सेंट ईव्ह अशी दोन गावं आहेत. पहिलं समुद्रकाठचं, पर्यटकांनी गजबजलेलं. दुसरं लिस्कर्डजवळचं छोटंसं खेडं. इतकी वर्षं इंग्लंडमध्ये राहूनही मला हे दुसरं गाव माहीत नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात तिथल्या चर्चच्या पाळकांच्या जुन्या घरात एमिली हॉबहाउस या बाईवरचं संग्रहालय पाहिलं. परतताना गाडीत कुणी फारसं बोललं नाही. तेव्हापासून तिच्याबद्दल मिळेल ते वाचतेय.

एमिलीचा जन्म १८६० चा, याच गावातला. वडील पाळक. आई गेली तेव्हा एमिली वीस वर्षांची होती. पुढची पंधरा वर्षं वडिलांचं घर सांभाळण्यात गेली. ते १८९५ मध्ये वारले आणि पस्तिशीतली ही बाई अमेरिकेत मिनेसोटाला जाऊन खाणकामगारांमध्ये काम करू लागली. तिथे लग्न ठरलं, मोडलं, आणि १८९८ मध्ये ती मायदेशी परतली.

दुसऱ्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत युद्ध पेटलं. एका बाजूला ब्रिटिश साम्राज्य आणि दुसऱ्या बाजूला डच वंशाच्या बोअर शेतकऱ्यांची दोन छोटी प्रजासत्ताकं. राजधानीची शहरं पडल्यावर बोअरांनी गनिमी कावा सुरू केला. गनिमी कावा म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला नको. लढणाऱ्यांची रसद तोडायची म्हणून ब्रिटिश सैन्याने हजारो शेतघरं जाळली आणि तिथल्या बायका-मुलांना तंबूंच्या छावण्यांत नेऊन ठेवलं.

लंडनमध्ये या युद्धाला विरोध करणारी एक समिती होती. तिच्या महिला शाखेची एमिली सचिव झाली. जून १९०० मध्ये तिने बायकांची मोठी निषेध सभा घडवून आणली. पुढच्याच महिन्यात तिच्या माहेरच्या लिस्कर्डमध्ये झालेली सभा मात्र लोकांनी गोंधळ घालून उधळली. युद्ध चालू असताना स्वतःच्या देशाविरुद्ध बोलणारा माणूस कुणालाच नको असतो.

तिने मदतनिधी उभा केला आणि डिसेंबरात स्वतःच आफ्रिकेची बोट पकडली. ओळख म्हणून होती ती काका-काकूंची. काका आर्थर हॉबहाउस पूर्वी हिंदुस्थानात व्हाइसरॉयच्या मंडळात कायदा सदस्य होते. काकूंच्या पत्रामुळे उच्चायुक्त मिल्नर भेटले. लष्करप्रमुख किचनर यांनी मात्र ब्लूमफाँटेनपुढे जायला मनाई केली.

२४ जानेवारी १९०१ ला ती तिथे पोचली, कपडे आणि खाण्याच्या वस्तूंनी भरलेला रेल्वेचा एक डबा घेऊन. उघड्या माळावर तंबू, एकेका तंबूत दाटीवाटीने माणसं. विषमज्वराची साथ, आणि पाणी उकळायला सरपण नाही. ज्यांचे पुरुष अजून लढत होते त्या कुटुंबांना शिधाही कमी. साबण तर नाहीच. चौकशी केली तेव्हा कळलं की साबण ही चैनीची वस्तू आहे. मग एमिली साबणासाठी भांडत राहिली. पाणी उकळायला मोठा बॉयलर द्या, सरपण द्या, असे अर्ज करत राहिली. तंबूतंबूंत जाऊन कोण कुठून आलं, घर कसं जळालं, किती मुलं गेली, हे तिने लिहून घेतलं. पुढे आणखी काही छावण्या पाहिल्या. परत गेली तर माणसं वाढलेली, थडगीही वाढलेली.

इथे मला गोपाळ कृष्ण गोखले आठवले. १८९७ मध्ये ते इंग्लंडात होते. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात सोजिरांनी बायकांवर अत्याचार केल्याची पत्रं त्यांना आली आणि त्यांनी ते आरोप तिथे जाहीर केले. पण पुराव्याची वेळ आली तेव्हा कुणी पुढे येईना, आणि परतल्यावर गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. हजारो मैलांवरून, दुसऱ्याच्या शब्दावर बोलण्यातली ही अडचण. एमिलीजवळ स्वतः पाहिलेलं होतं.

जून १९०१ मध्ये तिचा अहवाल आला. विरोधी पक्षनेते कॅम्बेल-बॅनरमन यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी जाहीर भाषणात सरकारच्या युद्धपद्धतीवर कडाडून टीका केली. वर्तमानपत्रांनी एमिलीला देशद्रोही ठरवलं. सरकारने चौकशीसाठी बायकांची एक समिती नेमली, पण तीत एमिलीला घेतलं नाही. ऑक्टोबरात ती पुन्हा केपटाऊनला गेली, तर बोटीवरून उतरूच दिलं नाही. नकार देत बसली तेव्हा सैनिकांनी उचलून दुसऱ्या जहाजावर नेलं आणि परत पाठवलं. त्या एका महिन्यात छावण्यांत तीन हजारांहून जास्त माणसं मेली.

सरकारी समितीला एमिलीचीच बहुतेक गाऱ्हाणी खरी आढळली. छावण्या मुलकी अधिकाऱ्यांकडे गेल्या, सुधारणा झाल्या आणि १९०२ मध्ये मृत्यू झपाट्याने कमी झाले. तोवर सुमारे २८ हजार बोअर गेले होते, त्यातली २२ हजार सोळा वर्षांखालची मुलं. काळ्या लोकांच्या छावण्या वेगळ्या होत्या. तिथले नोंदलेलेच मृत्यू १४ हजारांवर आहेत. त्या छावण्यांत एमिली काम करू शकली नाही, आणि तिच्या कामातली ही उणीव सांगायलाच हवी.

पण ती त्यांना विसरली नव्हती. डिसेंबर १९१३ मध्ये ब्लूमफाँटेनला त्या बायका-मुलांच्या स्मारकाचं अनावरण तिच्या हस्ते व्हायचं होतं. प्रकृती ढासळली म्हणून ती अर्ध्या वाटेवरून परतली. तिचं भाषण तिथे वाचून दाखवलं गेलं. त्यात तिने बोअरांना आठवण करून दिली की, या भांडणाशी संबंध नसलेले हजारो काळे लोकही छावण्यांत मेले, आणि जे स्वातंत्र्य तुम्हाला हवं होतं ते इतरांना नाकारू नका. त्याच वर्षी तिथे काळ्यांचा जमिनीचा हक्क हिरावणारा कायदा झाला होता. तिचं तेव्हा कुणी ऐकलं नाही.

त्याच सुमारास गांधीजींचा सत्याग्रह टिपेला पोचला होता, आणि गोखले इकडून त्यासाठी पैसे उभे करत होते. केपटाऊनमध्ये आजारी असलेल्या एमिलीने जुने स्नेही जनरल स्मट्स यांना पत्र लिहिलं, गांधीजींना मोर्चा थोडा पुढे ढकलायला सुचवलं. जानेवारी १९१४ मध्ये दोघांची बोलणी झाली, त्यात तिचाही वाटा होता.

पहिल्या महायुद्धात तिने जर्मन बायकांना शांततेचं पत्र पाठवलं, १९१६ मध्ये थेट बर्लिन गाठलं, आणि युद्धानंतर लाइपझिगच्या भुकेल्या मुलांसाठी निधी जमवला. मूल शत्रूचं आहे की आपलं, हा प्रश्न तिला कधी पडलाच नाही.

म्हातारपणी पैशांची चणचण होती. बोअर बायकांनी अडीच-अडीच शिलिंग वर्गणी काढून सेंट आइव्ह्जला तिला घर घेऊन दिलं. १९२६ मध्ये ती लंडनमध्ये वारली. इंग्लंडने विशेष दखल घेतली नाही. अस्थी ब्लूमफाँटेनला, त्या स्मारकाच्या पायथ्याशी ठेवल्या गेल्या.

आज कुठेही युद्ध सुरू झालं की आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन तट पडतात. मीही त्यात असते, फोटो पुढे ढकलते आणि स्वयंपाकाला लागते. हल्ली बोट थबकतं. हे कुणी पाहिलंय, कुणी मोजलंय, असं आधी मनात येतं. कॉर्नवॉलला सुट्टीला गेलात तर एक दिवस सेंट ईव्हसाठी राखून ठेवा. मुलांनाही घेऊन जा.