विश्लेषण : सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांची चाल व्हिडिओत का टिपतात? ही वाट दाखवणारा मायब्रिज कोण होता?

धाराशिव जिल्ह्यातील बेंबळीसारख्या गावातून सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला मोठ्या दवाखान्यात न्यायचे, तर आईवडिलांचा अख्खा दिवस मोडतो. तिथे मूल बुजते आणि डॉक्टरांसमोर टाकलेली चार पावले घरच्या चालीसारखी नसतात. चाल व्हिडिओत असली, तर ती थांबवून, हळू करून पुन्हा पुन्हा पाहता येते. ही कल्पना मोबाइलच्या कितीतरी आधीची आहे. तिच्या मुळाशी डॉक्टर नव्हे, तर एक तऱ्हेवाईक छायाचित्रकार होता : एडवर्ड मायब्रिज.

पुस्तकविक्रेता ते छायाचित्रकार

मायब्रिजचा जन्म ९ एप्रिल १८३० रोजी इंग्लंडमधील किंग्स्टन-अपॉन-टेम्सचा. तरुणपणी अमेरिकेत जाऊन त्याने सॅन फ्रान्सिस्कोत पुस्तकांचे दुकान चालवले. १८६० मध्ये टेक्सासमध्ये घोडागाडीच्या अपघातात त्याच्या डोक्याला जबर मार बसला. उपचारांसाठी तो मायदेशी गेला आणि काही वर्षांनी परतला तो छायाचित्रकार होऊन. योसेमिटी खोऱ्याच्या छायाचित्रांनी त्याचे नाव झाले.

कॅलिफोर्नियाचे माजी गव्हर्नर लेलँड स्टॅनफर्ड यांना एक प्रश्न सतावत होता : धावत्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का? (यावर मोठी पैज लागल्याची गोष्ट सर्रास सांगितली जाते, पण तिला भक्कम पुरावा नाही.) १८७२ मध्ये काम सुरू झाले, पण मध्येच खंड पडला. १८७४ मध्ये मायब्रिजने पत्नीच्या प्रियकराला गोळी घालून ठार केले. डोक्याच्या मारामुळे भान सुटले, हा बचाव ज्युरीने मानला नाही; तरीही त्याला सोडून दिले.

जून १८७८ मध्ये पालो आल्टो येथे १२ कॅमेरे ओळीने मांडून त्याने उत्तर दिले. चारही पाय सुटतात, पण ते पोटाखाली गोळा झालेले असताना. चित्रकार पिढ्यान्‌पिढ्या दाखवत आले तसे पुढे-मागे ताणलेले असताना नव्हे. डोळ्यांना जे कधीच दिसले नव्हते, ते छायाचित्रांनी दाखवले.

घोड्यावरून रुग्णांकडे

स्टॅनफर्ड यांच्याशी बिनसल्यावर मायब्रिज १८८४ मध्ये फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आला. तिथे मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. फ्रान्सिस डर्कम यांनी रुग्णालयातले रुग्ण त्याच्या कॅमेऱ्यांपुढे आणले. मागे चौकटी आखलेली काळी भिंत, बाजूला २४ कॅमेऱ्यांची रांग आणि तिरकस कोनांतून आणखी कॅमेरे. त्यामुळे एकच पाऊल एकाच क्षणी अनेक बाजूंनी टिपले जाई. १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ७८१ फलकांच्या ग्रंथात ताठरलेल्या पायांनी चालणारे रुग्ण आहेत, तसेच हातापायांवर चालणारे एक पक्षाघातग्रस्त मूलही आहे. अनेक रुग्ण विवस्त्र आहेत आणि नाव कुणाचेच नाही. त्यांना विचारण्याची गरज त्या काळी कुणाला वाटली नसावी. आज ती चित्रे पाहताना हे टोचते.

मायब्रिज ८ मे १९०४ रोजी किंग्स्टनमध्येच वारला.

आज याचा उपयोग काय?

मूल चवड्यावर चालत असेल, तर पोटरीला टाचेशी जोडणारी शीर आखडली असेल, असे सहज वाटते. कधी खोट तिथे नसतेच. गुडघा किंवा खुबा पुरता सरळ होत नाही, म्हणून टाच टेकत नाही. अशा वेळी शस्त्रक्रियेने ती शीर लांब केली, तर मूल आणखी वाकून चालू लागते, आणि ते पुन्हा सावरणे फार कठीण असते. नुसत्या डोळ्यांना हा फरक निसटतो. बाजूने घेतलेला व्हिडिओ थांबवून पाहिला, की बऱ्याचदा दिसतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एडिनबरा गुणांकन पद्धतीत व्हिडिओ पाहून प्रत्येक पायाच्या १७ बाबींना गुण देतात. त्यामुळे उपचारांआधीची आणि नंतरची चाल ताडून पाहता येते. महागड्या प्रयोगशाळेची सर व्हिडिओला नाही. पायाचा पीळ त्यात नीट कळत नाही आणि स्नायू कधी आवळतो हे तर दिसतच नाही. शस्त्रक्रियेचा निर्णय केवळ त्यावर होत नाही. हाताने केलेली तपासणी लागतेच.

घरी व्हिडिओ घ्यायचा, तर जागा सपाट आणि उजेडाची हवी. मुलाला गुडघे दिसतील अशी चड्डी घालावी. आधी अनवाणी, मग बूट किंवा स्प्लिंट घालून चालवावे. मोबाइल मुलाच्या कमरेच्या उंचीवर स्टुलावर स्थिर ठेवून समोरून, मागून आणि दोन्ही बाजूंनी चाल टिपावी. मुलाचा हात धरू नये. आधार लागतच असेल, तर तसे डॉक्टरांना सांगावे. व्हिडिओ फक्त उपचार करणाऱ्यांनाच पाठवावा, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नये. मूल कळते असेल, तर चित्रण करण्याआधी त्यालाही विचारावे.