विश्लेषण : सेंद्रिय शेतीचे ‘जनक’ हॉवर्ड इथल्या शेतकऱ्यांकडून काय शिकले?

ऐन जुलैत पावसाचा तीन आठवडे खंड पडतो आणि नंतर दोन दिवसांत महिन्याचा पाऊस कोसळतो. अशा हवामानात शेती कशी टिकवायची, ही चर्चा सुरू झाली की सेंद्रिय कर्ब, मिश्र पिके आणि कंपोस्ट हे शब्द हमखास येतात. या तिन्हींशी शंभर वर्षांपूर्वी इंदूरमध्ये राबलेल्या एका इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव जोडलेले आहे : सर अल्बर्ट हॉवर्ड.

हॉवर्ड भारतात कशासाठी आले?

शिकवण्यासाठी. १८७३ मध्ये इंग्लंडच्या श्रॉपशायरमधील शेतकरी कुटुंबात जन्म, केंब्रिजमध्ये शिक्षण, मग वेस्ट इंडिजमध्ये उसावरील रोगांचा अभ्यास. १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथील सरकारी कृषी संशोधन संस्थेत ते रुजू झाले. पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. दोघांनी मिळून ‘पुसा ४’, ‘पुसा १२’ हे गव्हाचे वाण काढले, ते गाजलेही. पण आसपासच्या शेतकऱ्यांची पिके महागडी औषधे न फवारता बऱ्यापैकी निरोगी कशी, हा प्रश्न हॉवर्ड यांना सुटत नव्हता. मग ते बांधावर जाऊन पाहू लागले.

त्यांनी तिथे काय पाहिले?

ज्वारीत तूर, गव्हात हरभरा. एकेका पिकाचे सलग शेत पाहायची सवय असलेल्या युरोपीय डोळ्यांना हा गोंधळ वाटे. त्यात हिशोब होता. एक पीक पावसाने दगा दिल्यावर गेले, तरी दुसरे पदरात पडे. तुरीची मुळे खोल जाऊन खालची ओल शोधत. द्विदल पिकांच्या मुळांवरील जिवाणू हवेतील नत्र धरून ठेवतात, हे युरोपच्या प्रयोगशाळांत १८८० च्या दशकात सिद्ध झाले. इथे ती पिके फेरपालटात पिढ्यान्‌पिढ्या घेतली जात होती. मराठी शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, तो मातीतल्या ओलीचा आणि हवेचा मेळ हॉवर्ड यांच्या पुढच्या सगळ्या कामाचा गाभा ठरला.

शेतकऱ्यांचे सगळेच त्यांनी डोक्यावर घेतले असे नाही. शेणाच्या गवऱ्या थापून जाळल्या जात, गोमूत्र गोठ्यातच मुरून वाया जाई आणि उकिरडा उन्हापावसात उघडा पडे. हे नुकसान भरून कसे काढायचे, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता.

‘इंदूर पद्धत’ नेमकी काय?

१९२४ मध्ये होळकर संस्थानातील इंदूरमध्ये संशोधन संस्था उभी राहिली आणि हॉवर्ड तिचे संचालक झाले. रसायनतज्ज्ञ यशवंत वाड त्यांचे सहकारी. तिथे त्यांनी उकिरड्यालाच शिस्त लावली. पालापाचोळा, धसकटे, तण, शेण, गोमूत्र मुरलेली गोठ्यातली माती आणि लाकडाची राख यांचे थर उथळ खड्ड्यात रचायचे, ओलावा राखायचा, ठरावीक दिवसांनी पलटी द्यायची. सुमारे तीन महिन्यांत खत तयार. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, म्हणून तेव्हा जमिनीवर ढीग. पऱ्हाट्या कठीण, लवकर कुजत नाहीत. त्या शेतातल्या गाडीवाटेवर पसरायच्या, बैलगाड्यांच्या चाकांखाली आपोआप चुरा होतो. यंत्र नाही, विकतचे काही नाही. चीनमधील शेतकऱ्यांच्या खत करण्याच्या रीतीही त्यांनी ग्रंथांतून अभ्यासल्या होत्या.

असे खत मुरलेली जमीन पावसाचे पाणी शोषून धरते. खंड पडला तर पीक काही दिवस अधिक तग धरते आणि मुसळधार पावसात माती कमी वाहते. ‘हवामान बदल’ हा शब्द हॉवर्ड यांच्या काळात चर्चेत नव्हता, पाऊस मात्र तेव्हाही लहरीच होता.

श्रेय कोणाचे?

इथे जरा थांबायला हवे. १९३१ मध्ये या पद्धतीवर निघालेल्या पुस्तकावर हॉवर्ड आणि वाड अशी दोन्ही नावे आहेत, पण जगाच्या लक्षात एकच राहिले. गॅब्रिएल यांचे १९३० मध्ये निधन झाले, त्यांचा वाटाही मागे पडला. आणि ज्यांच्या बांधावरून हे शिक्षण झाले, त्या शेतकऱ्यांची तर नावेही कोणी टिपली नाहीत. शेतकरीच आपले गुरू, हे हॉवर्ड यांनी ठळकपणे मांडले ते मुख्यतः उतारवयात. सुरुवातीच्या वर्षांत त्यांचा भर सुधारित वाणांवरच होता.

१९३१ मध्ये ते इंग्लंडला परतले, १९३४ मध्ये ‘सर’ झाले. पुढच्याच वर्षी गांधीजींनी ‘हरिजन’मधून इंदूर पद्धतीची माहिती वाचकांपर्यंत नेली. १९४० मध्ये आलेल्या हॉवर्ड यांच्या ग्रंथाने मात्र रासायनिक खतांच्या समर्थकांना अंगावर घेतले. तो वाचून अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी सेंद्रिय शेतीचे मासिक काढले. ब्रिटनमध्ये लेडी ईव्ह बाल्फोर याही या चळवळीत होत्या. २० ऑक्टोबर १९४७ रोजी हॉवर्ड यांचे निधन झाले. त्यांच्या भारतातील कामाचा वृत्तांत १९५३ मध्ये लिहिला तो त्यांच्या दुसऱ्या पत्नी, गॅब्रिएल यांच्या भगिनी लुईस यांनी.