थिओडोर बोव्हेरी आणि पेशीचा लगाम

शाळेच्या हीरक महोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या शास्त्रज्ञाचे चरित्र लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा मी जरा बिचकलेच. माझा विषय भाषा. पण ज्यांचे नाव मी निवडले, ते थिओडोर बोव्हेरीही म्युनिकच्या विद्यापीठात प्रथम इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकण्यासाठीच दाखल झाले होते, हे वाचून धीर आला.

बोव्हेरी हे आडनाव आपल्या बडोद्याला परके नाही. हिंदुस्थान ब्राऊन बोव्हेरीच्या कारखान्यात आयुष्य घालविलेले अनेक पालक या शाळेने पाहिले आहेत. 1891 साली स्वित्झर्लंडमधील बाडेन येथे चार्ल्स ब्राऊन यांच्यासह मूळ कंपनी स्थापन करणारे वॉल्टर बोव्हेरी हे थिओडोर यांचे धाकटे बंधू. धाकट्याचे नाव विजेच्या यंत्रांवर कोरले गेले. थोरल्याचे नाव विज्ञानाच्या ग्रंथांत राहिले. तिथेच आपल्याला जायचे आहे.

थिओडोर यांचा जन्म 12 ऑक्टोबर 1862 रोजी जर्मनीतील बाम्बेर्ग येथे एका डॉक्टरांच्या घरी झाला. म्युनिकमध्ये ते लवकरच शरीररचनाशास्त्राकडे वळले, 1885 मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि एका दीर्घ मुदतीच्या शिष्यवृत्तीच्या आधारे रिचर्ड हर्टविग यांच्या प्रयोगशाळेत पेशीच्या अभ्यासात रमले. त्यांनी निवडलेला प्राणी मुळीच देखणा नव्हता : घोड्याच्या आतड्यातला जंत. पण त्याच्या अंडपेशीत गुणसूत्रे अगदी मोजकी असतात, त्यामुळे प्रत्येक गुणसूत्राचा मागोवा घेता येतो. पेशी दुभंगताना दिसणारी ही सूत्रे मध्यंतरी विरून गेल्यासारखी वाटली तरी नष्ट होत नाहीत, प्रत्येकीचे अस्तित्व टिकून असते, हे त्यांनी याच जंताच्या साहाय्याने दाखविले. विभाजनाच्या वेळी दोन ध्रुव उभारणाऱ्या सूक्ष्म कणाला सेंट्रोसोम हे नावही त्यांचेच. ते 1888 सालचे. 1893 मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षाच्या आतबाहेर, ते व्युर्त्सबुर्ग येथे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले.

त्यांचे सर्वांत मोठे काम मात्र इटलीतील नेपल्सच्या सागरी प्राणिशास्त्र केंद्रात झाले. सी-अर्चिन नावाचा काटेरी, चेंडूसारखा समुद्रजीव तिथे विपुल मिळे. त्याच्या एका अंडपेशीत दोन शुक्राणू शिरू दिले, तर दोनाऐवजी चार ध्रुव तयार होतात आणि पेशी एकदम चार भागांत फुटते. गुणसूत्रांची वाटणी मग कशीही होते. एखाद्या भागाला एखादे गुणसूत्र मिळतच नाही, दुसऱ्याला तेच अधिक मिळते. बोव्हेरींनी कॅल्शियमविरहित समुद्रजलात ठेवून हे चार भाग वेगळे केले आणि प्रत्येकाची वाढ न्याहाळली. नीट फलित झालेल्या अंड्याच्या चारही पेशी वेगळ्या केल्या, तर प्रत्येकीतून लहानसा पण पूर्ण जीव घडू शकतो. इथे मात्र प्रत्येक भाग आपापल्या परीने बिघडला. यावरून 1902 मध्ये त्यांनी निष्कर्ष काढला की, गुणसूत्रे एकसारखी नसून प्रत्येकाचे कार्य निराळे आहे आणि सुदृढ वाढीसाठी त्यांचा पूर्ण संच आवश्यक आहे. त्याच सुमारास अमेरिकेत वॉल्टर सटन नाकतोड्यांच्या पेशींवरून जवळपास त्याच ठिकाणी पोहोचत होते. म्हणून आनुवंशिकतेच्या या सिद्धांताला दोघांचेही नाव लाभले.

या प्रयोगांत त्यांना एका जोडीदाराची साथ होती. मार्सेला ओग्रेडी या अमेरिकेतील व्हासर महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. त्या 1896 मध्ये व्युर्त्सबुर्गला आल्या. स्त्रियांना जर्मन विद्यापीठांची दारे उघडली नव्हती, असा तो काळ. पुढच्याच वर्षी दोघांचा विवाह झाला आणि नेपल्सच्या कामात मार्सेला बरोबरीने सहभागी होत राहिल्या.

बिघडलेली अंडी पाहता पाहता बोव्हेरींच्या मनात एक विचार मुरत गेला. 1914 मध्ये त्यांनी तो छोट्याशा पुस्तकात मांडला. विषय होता कर्करोगाच्या गाठींचा उगम. त्यांचे प्रतिपादन असे : गाठ एकाच पेशीपासून सुरू होते; त्या पेशीतील गुणसूत्रांचा समतोल ढळलेला असतो; निरोगी पेशीत विभाजनाला आवर घालणारी काही व्यवस्था असते आणि ती हरवली, की पेशी बेलगाम वाढू लागते. आपण रोगनिदानशास्त्राचे जाणकार नाही, याची त्यांना जाणीव होती. समकालीन वैद्यांनी या पुस्तकाकडे फारसे लक्ष दिले नाही. मला वाटते, एका प्राणिशास्त्रज्ञाने समुद्रकाठी बसून माणसाच्या रोगाविषयी बोलावे, हेच अनेकांना रुचले नसेल.

प्रकृतीने त्यांना कधीच भक्कम साथ दिली नाही. बर्लिनमध्ये उभ्या राहणाऱ्या कैसर विल्हेल्म जीवशास्त्र संस्थेचे संचालकपद चालून आले, पण आजारपणामुळे त्यांनी ते नाकारले. 15 ऑक्टोबर 1915 रोजी, त्रेपन्नावा वाढदिवस होऊन तीनच दिवस झाले असता, त्यांचे निधन झाले. ते वय मी ओलांडले आहे, म्हणून हा आकडा मला अधिकच लागतो.

त्यांनी अनुमानाने सांगितलेला लगाम हाती यायला सत्तर वर्षे लागली. मुलांच्या डोळ्यात गाठ निर्माण करणारा एक दुर्धर आजार आहे. त्यात हरवलेले जनुक 1986 मध्ये ओळखले गेले. या जनुकापासून बनणारे आरबी हे प्रथिन पेशीला विभाजनाच्या उंबरठ्यावर रोखून धरते. सतराव्या गुणसूत्रावरील जनुकापासून बनणारे पी-53 हे दुसरे. पेशीतील डीएनएला इजा झाली, की ते पी-21 या प्रथिनाची निर्मिती वाढविते, ते विभाजनाचे चक्र थांबविते आणि दुरुस्तीला अवधी मिळतो. इजा फारच मोठी असेल, तर पी-53 पेशीला मरणाच्या वाटेने नेते. माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत हेच प्रथिन बिघडलेले आढळते. बोव्हेरींना अख्ख्या गुणसूत्रांचा हिशेब दिसला होता. एका जनुकातील बारीकसा बदलही पुरेसा असतो, हे त्यांना दिसणे शक्य नव्हते.

चक्राला पुढे ढकलणारी प्रथिनेही सापडली. अमेरिकेतील वुड्स होल येथे टिम हंट यांना 1982 मध्ये असे एक प्रथिन दिसले, जे प्रत्येक विभाजनाआधी साठत जाते आणि विभाजन होताच नाहीसे होते. त्याला सायक्लिन म्हणतात. तशीच प्रथिने माणसाच्या पेशीतही आहेत. या कामासाठी हंट, पॉल नर्स आणि लेलँड हार्टवेल यांना 2001 चे नोबेल पारितोषिक मिळाले. हंट ज्या अंड्यांवर काम करीत होते, तीही सी-अर्चिनचीच होती.

मार्सेला पतीच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी अमेरिकेला परतल्या, न्यू हेवनच्या एका महिला महाविद्यालयात पुन्हा जीवशास्त्र शिकवू लागल्या आणि 1929 मध्ये त्यांनी ते दुर्लक्षित पुस्तक स्वतः इंग्रजीत आणले.