मुळशी खोऱ्याचा सेनापती

लोणावळ्याहून घाटमाथ्याने दक्षिणेला गेलं की कोरीगडाच्या पलीकडे मुळशी धरणाचं पाणी लागतं. पर्यटक तिथे गाडी थांबवून फोटो काढतो. त्या पाण्याखाली खाचरं आहेत, घरांची जोती आहेत, देवळं आहेत. सुमारे पन्नास गावांच्या या खोऱ्यासाठी एक माणूस तीन वेळा तुरुंगात गेला. त्याचं नाव पांडुरंग महादेव बापट. लोक त्यांना सेनापती म्हणू लागले ते मुळशीमुळेच.

बापट मावळचे नव्हते. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० चा, तेव्हाच्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेरचा. घरची गरिबी, पण पोरगा हुशार. पुण्यात डेक्कन कॉलेजात शिकले आणि शिष्यवृत्तीवर १९०४ मध्ये इंजिनिअर व्हायला विलायतेत एडिंबरोला गेले. तिथे देशाची पारतंत्र्याची स्थिती मांडू लागले, तशी शिष्यवृत्ती गेली. पुढे लंडनच्या इंडिया हाउसमध्ये सावरकरांची गाठ पडली. पॅरिसला जाऊन बॉम्ब करण्याची विद्या शिकून घेतली आणि १९०८ मध्ये ते परतले. बंगालमधल्या बॉम्ब खटल्यात नाव आल्यावर काही वर्षं भूमिगत राहावं लागलं. पकडले गेले, पण पुरावा न मिळाल्याने सुटले. मग पारनेरला येऊन हातात झाडू घेतला आणि पहाटे उठून गावातले रस्ते झाडू लागले. विलायतेत शिकलेला माणूस गावाचा केर काढतो, हे लोकांना नवल होतं. बापटांना त्यात नवल वाटत नव्हतं.

खोरं कसं होतं?

मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाचं हे खोरं म्हणजे चहूबाजूंनी जंगल आणि मध्ये भाताची खाचरं. आंबेमोहर तिथला नावाजलेला. उतारावरच्या वरकस जमिनीत राब भाजून नाचणी, वरी घ्यायची, जंगलातून हिरडा गोळा करायचा, गवत विकायचं आणि मुसळधार पावसाचे चार महिने कसेबसे काढायचे. पैसा फार नव्हता, पण पोटाला धान्य होतं.

याच पावसावर मुंबईच्या टाटांची नजर गेली. घाटमाथ्यावर पाणी अडवायचं, ते कोकणात खाली सोडायचं आणि त्या उतारावर वीज करायची, ही योजना आधी लोणावळ्याला झाली होती. १९११ मध्ये तिथे पायाभरणी झाली, १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. त्यानंतर पाळी आली मुळशीची.

गावाला पत्ता नाही आणि चर खणले

शेतकऱ्यांच्या परवानगीवाचून त्यांच्या शेतात चर खणले गेले. तेव्हाचा कायदा १८९४ चा. सरकारने सार्वजनिक काम म्हटलं की जमीन घेता यायची आणि इथे ती खाजगी कंपनीसाठी घेतली जात होती. बदली जमीन, गावठाण, रोजगार यातली कुठलीही हमी कायद्यात नव्हती. मोबदला दिला की सरकार मोकळं.

१६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, सुमारे बाराशे मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. बाया, म्हातारी, पोरं सगळी होती. मजुरांनी काम थांबवलं आणि कंपनीला काही महिने माघार घ्यावी लागली. गांधीजींनीही या लोकांची बाजू घेतली. पण त्या वर्षअखेर काम पुन्हा सुरू झालं, तेव्हा बापट आघाडीवर आले. विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे कार्यकर्ते सोबत होते. धरपकड झाली, दंड झाले, लोक तुरुंगात गेले. धरणाविरुद्धच्या संघटित लढ्यांत जगातला हा पहिला म्हणून आज अभ्यासक त्याची नोंद घेतात.

खरी मेख कागदावर

लढा मोडला तो नुसत्या पोलिसांमुळे नाही. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी कर्जापायी पुण्याच्या सावकारांकडे गेल्या होत्या. कसणारा मावळा, पण कागदावर नाव सावकाराचं. मावळ्याला जमीन वाचवायची होती आणि सावकाराला चांगला मोबदला पदरात पाडून घ्यायचा होता. मोबदल्याची बोलणी सुरू झाली तसे पुढारी आणि सावकार बाजूला झाले. ज्याच्या घामाची जमीन त्याच्या हाती मात्र काही आलं नाही.

बापटांना हे सहन झालं नाही. सत्याग्रहात मार खाणं एवढंच आलं, हे त्यांना कधी पटलं नव्हतं. ९ डिसेंबर १९२४ ला मोजक्या साथीदारांसह त्यांनी रुळावर दगड रचले आणि धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवली. हाती पिस्तूल आणि तलवारी होत्या. त्यानंतर त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण मात्र उभं राहिलं. १९२७ मध्ये रायगड बाजूला भिऱ्याचं वीज केंद्र सुरू झालं आणि खोरं पाण्याखाली गेलं. माणसं डोंगराच्या कडेला सरकली.

सुटल्यावरही बापट स्वस्थ बसले नाहीत. काँग्रेसचं काम, पुन्हा तुरुंग, सुभाषबाबूंचा फॉरवर्ड ब्लॉक, हैदराबादचा लढा, गोवामुक्ती, संयुक्त महाराष्ट्र, सगळीकडे ते होते. २८ नोव्हेंबर १९६७ ला ते गेले. पुण्यात आणि मुंबईत त्यांच्या नावाचे रस्ते आहेत. ज्या खोऱ्यासाठी त्यांनी सात वर्षं दिली, त्याची आठवण त्या रस्त्यांवरून जाणाऱ्या किती जणांना असेल?

आपल्यासाठी काय?

नॉर्वे देशाच्या उत्तरेला, जंगल आणि माळाच्या आतल्या भागात, मासी नावाचं सामी लोकांचं एक छोटं गाव आहे. आल्टा नदीवरच्या वीज धरणात तेही बुडणार होतं. गावाने विरोध केला आणि १९७३ मध्ये ते योजनेतून वगळलं गेलं. पुढे मोठं आंदोलन होऊनही १९८७ मध्ये धरण पुरं झालं, पण आकाराने लहान, आणि गाव जागेवर राहिलं. मुळशीच्या नशिबी ते नव्हतं. आपल्या मावळातही पाण्याचा प्रश्न विझलेला नाही. ९ ऑगस्ट २०११ ला पवना जलवाहिनीच्या आंदोलनात बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले.

मधल्या काळात कायदा बदलला. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचे कायदे झाले. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या केंद्राच्या कायद्याने १८९४ चा कायदा गेला. खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ऐंशी टक्के बाधित कुटुंबांची संमती, सामाजिक परिणामांची तपासणी आणि पुनर्वसन या गोष्टी त्यात आल्या. पण कायदा कागद पाहतो. सातबारावर नाव नसेल, वारसनोंद राहिली असेल, पीकपाहणीत कसणारा दिसत नसेल, तर आजही मावळ्याची तीच गत होईल.

म्हणून गावकामगार मंडळींना आणि सरपंचांना एवढंच सांगणं. रखडलेल्या वारसनोंदी यंदा पावसाळ्याआधी निकाली काढा. मोजणीचं माणूस शिवारात आलं तर त्याच्याकडे लेखी आदेश मागा आणि ग्रामसभेत तो वाचून दाखवा. सेनापतींच्या काळात खोऱ्याकडे धैर्य होतं, कागद नव्हता. आता दोन्ही हाताशी ठेवता येतात.