कुर्ट लेविन

कुर्ट लेविन (९ सप्टेंबर १८९० – १२ फेब्रुवारी १९४७) हे जर्मन-अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. आधुनिक सामाजिक मानसशास्त्राच्या संस्थापकांमध्ये त्यांची गणना होते. क्षेत्र सिद्धांत, गट गतिकी आणि कृती संशोधन या तीन संकल्पनांशी त्यांचे नाव विशेषत्वाने जोडलेले आहे. माणसाचे वर्तन केवळ त्याच्या स्वभावातून उद्भवत नाही, तर व्यक्ती आणि तिची त्या क्षणीची परिस्थिती यांच्या परस्परसंबंधातून घडते, हा त्यांच्या विचाराचा गाभा होय. हा विचार मांडताना त्यांनी खेळणारी मुले, गृहिणींची खरेदी, कारखान्यातील काम, सभेतील चर्चा अशा रोजच्या प्रसंगांचा आधार घेतला. मुलांच्या वर्तनाचे चलचित्र कॅमेऱ्याने चित्रण करून ते विद्यार्थ्यांना व संशोधकांना दाखवणाऱ्या आरंभीच्या मानसशास्त्रज्ञांपैकी ते एक होते. अमेरिकेत त्यांच्या आडनावाचा उच्चार ल्यूइन असाही केला जातो.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

लेविन यांचा जन्म प्रशियाच्या पोझेन प्रांतातील मोगिल्नो या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आता पोलंडमध्ये आहे. वडील लिओपोल्ड यांचे किरकोळ मालाचे दुकान होते व कुटुंबाची थोडी शेतीही होती. आईचे नाव रेखा असे होते. चार भावंडांत कुर्ट दुसरे होते. मुलांच्या शिक्षणासाठी १९०५ मध्ये कुटुंब बर्लिनला स्थलांतरित झाले.

१९०९ मध्ये त्यांनी वैद्यकशास्त्राच्या अभ्यासासाठी फ्रायबुर्ग विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथून ते म्युनिकला आणि १९१० मध्ये बर्लिन विद्यापीठात गेले. बर्लिनमध्ये त्यांचा ओढा तत्त्वज्ञान व मानसशास्त्राकडे वळला आणि कार्ल श्टुम्फ यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन केले. १९१६ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

दरम्यान पहिले महायुद्ध सुरू झाले होते. लेविन जर्मन सैन्यात साधे सैनिक म्हणून भरती झाले व पुढे अधिकारीपदापर्यंत पोहोचले. १९१८ मध्ये ते जखमी झाले. त्यांना आयर्न क्रॉस हे पदक मिळाले. त्यांचा एक भाऊ या युद्धात मारला गेला. १९१७ मध्ये त्यांनी युद्धभूमीच्या अनुभवावर एक निबंध प्रसिद्ध केला. शांततेच्या काळात सर्व दिशांना पसरलेला दिसणारा भूप्रदेश आघाडीकडे जाणाऱ्या सैनिकाला पुढे-मागे असलेला, एका रेषेपाशी संपणारा भासतो, असे त्यांनी त्यात दाखवले. सैनिकाच्या दृष्टीने घर हे घर न राहता आडोसा किंवा जळणाचा साठा होते. भूमी तीच असली तरी पाहणाऱ्याची गरज बदलली की तिचा अर्थ बदलतो. त्यांच्या पुढील सिद्धांताचे बीज या निबंधात आढळते.

बर्लिनमधील कार्य

१९२१ पासून लेविन बर्लिन विद्यापीठाच्या मानसशास्त्र संस्थेत अध्यापन करू लागले. ही संस्था जुन्या राजवाड्यात होती. वोल्फगांग क्योलर तिचे प्रमुख होते, तर माक्स वेर्टहायमर तेथे सहकारी होते. या दोघांनी विकसित केलेल्या समष्टिवादी (गेस्टाल्ट) मानसशास्त्राचा भर प्रामुख्याने संवेदनावर होता. लेविन यांनी तोच दृष्टिकोन गरज, इच्छा, राग व ध्येय यांच्या अभ्यासाला लावला.

त्यांच्याभोवती अनेक देशांतील विद्यार्थी जमले व त्यांत स्त्रियांची संख्या लक्षणीय होती. संस्थेजवळच्या एका कॅफेत त्यांच्या तासन्‌तास चर्चा चालत. ग्राहकाने पैसे देईपर्यंत वाढप्याला त्याने मागवलेल्या पदार्थांची यादी तोंडपाठ असते, पैसे चुकते झाल्यावर मात्र तो ती विसरतो, हे निरीक्षण अशाच एका बैठकीत पुढे आले, असे सांगितले जाते. त्यांच्या विद्यार्थिनी ब्ल्यूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये या विषयावरील प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत सहभागी व्यक्तींना अनेक छोटी कामे दिली होती व त्यांपैकी निम्मी मध्येच थांबवली होती. पूर्ण झालेल्या कामांपेक्षा अपूर्ण कामे अधिक लक्षात राहतात, असा निष्कर्ष निघाला. याला झायगार्निक परिणाम म्हणतात. पुढील काळात इतरांनी केलेल्या पुनर्प्रयोगांत हा परिणाम सर्वत्र सारखा आढळला नाही. मारिया ओव्हसियांकिना यांनी अपूर्ण काम पुन्हा हाती घेण्याच्या प्रवृत्तीचा, तामारा डेम्बो यांनी रागाचा आणि फर्डिनांड होपे यांनी आकांक्षा पातळीचा अभ्यास केला.

चित्रफिती

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात लेविन यांनी हाती कॅमेरा घेऊन लहान मुलांचे चित्रण सुरू केले. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध चित्रफीत सुमारे दीड वर्षाच्या एका मुलीची आहे. तिला एका दगडावर बसायचे आहे. बसण्यासाठी दगडाकडे पाठ करावी लागते, परंतु पाठ केली की दगड दिसेनासा होतो. म्हणून ती दगडाभोवती पुन्हा पुन्हा फिरत राहते. अखेरीस ती वाकून स्वतःच्या दोन पायांमधून दगडाकडे पाहत मागे सरकते. ध्येयाकडे जाण्यासाठी क्षणभर ध्येयापासून दूर वळावे लागते ही गोष्ट मोठ्यांना सहज जमते, पण इतक्या लहान मुलाला ती अवघड असते. मुलीच्या हट्टाचे किंवा बुद्धीचे मोजमाप न करता तिच्यासमोरील परिस्थितीची रचना समजून घ्यावी, असे लेविन यांचे प्रतिपादन होते.

१९२९ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात भरलेल्या आंतरराष्ट्रीय मानसशास्त्र परिषदेत त्यांनी ही चित्रफीत दाखवली. त्यांचे व्याख्यान जर्मन भाषेत होते, तरीही चित्रामुळे जर्मन न जाणणाऱ्या श्रोत्यांपर्यंत मुद्दा पोहोचला. अमेरिकेत त्यांच्या कार्याची ओळख होण्यास हा प्रसंग साहाय्यभूत ठरला. १९३१ मध्ये मूल आणि जग या विषयावर त्यांचा एक बोलपटही तयार झाला.

जर्मनीतून स्थलांतर

१९३२ मध्ये लेविन सहा महिन्यांसाठी स्टॅनफर्ड विद्यापीठात अभ्यागत प्राध्यापक होते. तेथून जपान व सोव्हिएत रशियामार्गे परतत असताना, जानेवारी १९३३ मध्ये, हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला. त्यानंतर ज्यू अध्यापकांना सरकारी सेवेतून काढण्याचा कायदा आला. युद्धात लढलेल्यांना त्यात तात्पुरती सूट होती, मात्र लेविन यांनी त्या सवलतीचा आधार घेतला नाही. विद्यापीठ सोडून ते त्याच वर्षी कुटुंबासह अमेरिकेला गेले.

आईला जर्मन सत्तेच्या कचाट्यातून सोडवण्यासाठी त्यांनी पुढे बरेच प्रयत्न केले, पण त्यांना यश आले नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारात त्या बळी पडल्या. १९४० मध्ये लेविन यांनी अमेरिकेचे नागरिकत्व स्वीकारले.

अमेरिकेतील कार्य

१९३३ ते १९३५ या काळात ते कॉर्नेल विद्यापीठाच्या गृहविज्ञान विभागात होते. तेथे त्यांनी मुलांच्या खाण्याच्या सवयींचा अभ्यास केला. १९३५ मध्ये ते आयोवा विद्यापीठाच्या बालकल्याण संशोधन केंद्रात रुजू झाले व १९४४ पर्यंत तेथे राहिले. १९३५ मध्ये व्यक्तिमत्त्वाच्या गतिशील सिद्धांतावरील आणि १९३६ मध्ये संस्थितीय मानसशास्त्रावरील त्यांचे ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध झाले.

क्षेत्र सिद्धांत

व्यक्ती आणि तिला त्या क्षणी जाणवणारे पर्यावरण यांच्या एकत्रित क्षेत्राला लेविन यांनी जीवनावकाश असे नाव दिले. वर्तन हे व्यक्ती व पर्यावरण या दोहोंचे फलन आहे, असे सूत्र त्यांनी मांडले. जीवनावकाशातील काही गोष्टी व्यक्तीला आकर्षित करतात, तर काही दूर लोटतात. या बलांच्या ओढाताणीतून संघर्षाचे तीन प्रकार निर्माण होतात:

उपगमन-उपगमन संघर्ष: दोन हव्याशा गोष्टींपैकी एकच निवडावी लागणे. उदा. एकाच मुहूर्तावर दोन जवळच्या मित्रांची लग्ने असणे.

परिहार-परिहार संघर्ष: दोन्ही पर्याय नकोसे असणे. उदा. अभ्यासही नको आणि नापास होणेही नको.

उपगमन-परिहार संघर्ष: एकच गोष्ट हवीशी व नकोशी असणे. समुद्राच्या लाटांमधला खेळण्यातला हंस उचलण्यासाठी पुढे जाणारे आणि लाट येताच मागे पळणारे मूल हे लेविन यांनी दिलेले उदाहरण आहे.

नेतृत्वाचे प्रयोग

लोकशाहीत वाढलेली माणसे आणि हुकूमशाहीत वाढलेली माणसे मुळातच वेगळी असतात, की गटाचे वातावरण त्यांना वेगळे बनवते, हा प्रश्न लेविन यांच्या दृष्टीने केवळ सैद्धांतिक नव्हता. आयोवा येथे रोनाल्ड लिपिट व राल्फ व्हाइट यांच्यासह त्यांनी या प्रश्नाची प्रायोगिक तपासणी केली. सुमारे दहा वर्षांच्या मुलांची मंडळे तयार करून त्यांना मुखवटे बनवण्यासारखी कामे देण्यात आली. काही मंडळांचा प्रमुख सर्व निर्णय स्वतः घेई, काहींचा मुलांशी चर्चा करून निर्णय घेई, तर काही मंडळांत प्रमुख हस्तक्षेपच करीत नसे. पुढे प्रमुख व त्यांच्या पद्धती बदलण्यात आल्या. लपवलेल्या कॅमेऱ्याने मुलांच्या वर्तनाचे चित्रणही करण्यात आले.

याचे निष्कर्ष १९३९ मध्ये प्रसिद्ध झाले. हुकूमशाही मंडळांत एक तर आक्रमकता वाढली किंवा मुले निमूट व उदासीन झाली. पहिल्या प्रयोगात अशा मंडळातील मुलांनी आपल्यातीलच एखाद्याला लक्ष्य केले. प्रमुख खोलीबाहेर गेला की तेथील काम थंडावे, लोकशाही मंडळात मात्र ते चालू राही. मुलांना एका वातावरणातून दुसऱ्यात नेल्यावर त्यांचे वर्तनही बदलले. मोकळेपणाने वागणाऱ्या मुलांचे चेहरे हुकूमशाहीच्या पहिल्याच दिवशी बदलताना पाहून लेविन अतिशय प्रभावित झाले होते. लोकशाही वृत्ती शिकण्यास अधिक काळ लागतो, हेही त्यांनी नमूद केले.

आहाराच्या सवयी व कारखान्यातील संशोधन

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत मांसाचा तुटवडा भासू लागला. हृदय, मूत्रपिंड यांसारखे सहसा न शिजवले जाणारे अवयव गृहिणींनी वापरावेत, यासाठी मानवशास्त्रज्ञ मार्गारेट मीड यांच्या सहभागाने चाललेल्या समितीकरिता लेविन यांनी प्रयोग केले. काही गटांना पोषण व देशकार्य यांविषयी व्याख्यान देण्यात आले, तर काही गटांत स्त्रियांनी आपसांत चर्चा करून शेवटी हात वर करून निर्णय घेतला. नंतरच्या पाहणीत व्याख्यान ऐकणाऱ्यांपैकी ३ टक्के, तर चर्चा करणाऱ्यांपैकी ३२ टक्के स्त्रियांनी पूर्वी कधीही न वापरलेला अवयव शिजवल्याचे आढळले. घरात कोणते अन्न यावे हे ठरवणाऱ्या व्यक्तीसाठी त्यांनी वापरलेली द्वारपाल ही संकल्पना पुढे वृत्तपत्रविद्येतही रूढ झाली.

व्हर्जिनिया राज्यातील मॅरियन येथील हारवूड या पायजमे शिवणाऱ्या कारखान्यातही त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी संशोधन केले. कामाच्या पद्धतीतील बदल ठरवताना कामगारांना सहभागी करून घेतल्यास विरोध कमी होतो, असे तेथील अभ्यासांतून पुढे आले.

गट गतिकी व कृती संशोधन

१९४४ मध्ये लेविन मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत गेले व तेथे त्यांनी गट गतिकी संशोधन केंद्राची स्थापना केली. लिऑन फेस्टिंगर, मॉर्टन डॉइच, हॅरल्ड केली आणि स्टॅन्ली शॅक्टर हे पुढे नामवंत झालेले मानसशास्त्रज्ञ या केंद्राशी संबंधित होते. वंश व धर्म यांवरून होणाऱ्या भेदभावाच्या अभ्यासासाठी अमेरिकन ज्यूइश काँग्रेसने नेमलेल्या आयोगाचे कामही त्यांनी उभे केले. परिस्थिती तपासणे, कृती करणे, परिणाम पाहणे व त्यानुसार पुढील कृती ठरवणे या चक्राला त्यांनी कृती संशोधन म्हटले. या विषयावरील त्यांचा लेख १९४६ चा आहे.

त्याच वर्षी कनेक्टिकट राज्यात वांशिक भेदभाव कमी करण्यासाठी कार्यकर्त्यांची कार्यशाळा भरली. दिवसभरातील वर्तनाच्या नोंदींवर संशोधक सायंकाळी चर्चा करीत. काही प्रशिक्षणार्थींनी या बैठकीस बसण्याची परवानगी मागितली व लेविन यांनी ती दिली. स्वतःच्या वागण्याबद्दलचे निरीक्षण ऐकून एका प्रशिक्षणार्थीने त्यावर हरकत घेतली आणि चर्चा रंगली. स्वतःच्या वर्तनाविषयी इतरांकडून कळणे हेच शिकण्याचे प्रभावी साधन आहे, असे यातून लक्षात आले. प्रशिक्षण गटांची पद्धती या अनुभवातून विकसित झाली.

मृत्यू व वारसा

१२ फेब्रुवारी १९४७ रोजी मॅसॅच्युसेट्समधील न्यूटन येथे हृदयविकाराने लेविन यांचे निधन झाले. त्या वेळी ते ५६ वर्षांचे होते. त्यानंतर गट गतिकी संशोधन केंद्र मिशिगन विद्यापीठात हलवण्यात आले. त्यांच्या लेखांचे दोन महत्त्वाचे संग्रह १९४८ व १९५१ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झाले.

त्यांच्या कार्यावर टीकाही झाली. संस्थितीय गणिताचा त्यांनी केलेला वापर काटेकोर नसल्याचा आक्षेप घेण्यात आला. नेतृत्वाच्या प्रयोगांतील मुलांची संख्या लहान होती. आहारविषयक प्रयोगात पुढे पाहणी होणार असल्याची कल्पना चर्चा गटांना होती, व्याख्यान गटांना नव्हती. त्यामुळे दोहोंतील फरक केवळ चर्चेमुळे पडला असे म्हणता येत नाही.

तरीही रोजचे वर्तन हा शास्त्रीय अभ्यासाचा विषय होऊ शकतो, हे लेविन यांनी दाखवून दिले. एखादा साधा प्रसंग चित्रित करायचा, त्यात कोणती बले कार्यरत आहेत हे ओळखायचे आणि मग त्यास संकल्पनेचे नाव द्यायचे, हा त्यांच्या चित्रफितींमागील क्रम होता. सामाजिक मानसशास्त्राच्या वर्गात विद्यार्थी दैनंदिन प्रसंगांच्या छोट्या चित्रफिती तयार करतात, तेव्हा ते याच क्रमाचा अवलंब करतात. माणूस असा का वागला या प्रश्नाबरोबर तो कोणत्या परिस्थितीत होता हा प्रश्न विचारण्याची सवय हे लेविन यांचे मुख्य योगदान मानले जाते.