मीर सुलतान खान आणि एक घर सरकलेलं प्यादं

बुद्धिबळाचा विषय निघाला की आपण मुलांना विश्वनाथन आनंदचं नाव सांगतो. त्याच्या कितीतरी आधीचं एक नाव मात्र राहून जातं.

मीर सुलतान खान पंजाबातले, आजच्या पाकिस्तानातल्या भागातले. ते देशी बुद्धिबळ शिकले. आपल्या पूर्णा-भिवंडीकडे एखाद्या घरी आजोबा अजून तसे खेळत असतील तर तुम्हाला ठाऊकच असेल, की त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालतं. सर उमर हयात खान यांनी १९२९ मध्ये त्यांना लंडनला नेलं. नियम नवे, ओपनिंगच्या पुस्तकांशी फारशी ओळख नाही. तरी त्याच वर्षी ते ब्रिटिश विजेते झाले! पुढे १९३२ आणि १९३३ लाही.

आता तो डाव बघा. हेस्टिंग्ज स्पर्धा, १९३०-३१. समोर माजी जगज्जेता कापाब्लांका, काळी मोहरी घेऊन. त्याने निवडला क्वीन्स इंडियन बचाव, म्हणजे वजिराच्या बाजूचा उंट कोपऱ्याजवळ बसवून मधल्या घरांवर नजर ठेवायची. सुलतान खाननी पाचव्या चालीला कडेचं प्यादं फक्त एक घर पुढे घेतलं, ए३. दिसायला किरकोळ चाल, पण काळ्याचा दुसरा उंट बी४ वर येऊन घोड्याला जखडणार होता, ती वाटच बंद झाली. पुढे हीच चाल जगज्जेत्या पेट्रोस्यानच्या नावाने ओळखली गेली. (मला याची फार गंमत वाटते.)

नंतर काळ्याचे दोन्ही हत्ती पांढऱ्याच्या घरात घुसले. सुलतान खाननी वजीर देऊन ते दोन्ही घेतले, आणि ६५ चालींत डाव जिंकला.

१९३३ च्या अखेरीस ते भारतात परतले. १९३५ मध्ये आपल्या व्ही. के. खाडिलकरांशी दहा डावांचा सामना झाला, त्यात खाडिलकरांना एकच डाव बरोबरीत सोडवता आला. त्यानंतर मोठ्या स्पर्धांत ते दिसले नाहीत. १९६६ मध्ये ते वारले. ग्रँडमास्टर ही मानद पदवी फिडेने दिली ती २०२४ मध्ये, ५८ वर्षांनी.

वर्गात हा डाव मांडाल तेव्हा काळ्या हत्तीचा सी१ वर शह येतो तिथे थांबा. हत्तीने हत्ती मारायचा की राजा हलवायचा, हे आधी मुलांना ठरवू द्या.