विश्लेषण : रेव्हरंड टिळक कोण होते? तापट, घर सोडून भटकणाऱ्या कवीला श्रद्धेने कसे घडवले?

महागाव (जि. यवतमाळ) : टिळक म्हटले की आधी लोकमान्यच आठवतात. पण त्याच काळात, त्याच कोकणातल्या चित्पावन समाजातून आणखी एक टिळक पुढे आले. ते म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. शाळेत ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता शिकलेल्यांना ते कवी म्हणून ठाऊक आहेत. मराठी चर्चमध्ये जाणाऱ्यांना ते भजनांमुळे माहीत आहेत. यवतमाळ जिल्ह्याला ही परंपरा परकी नाही. यवतमाळ शहरात १९५३ ते १९८३ या काळात युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, नंतर ती पुण्याला गेली. मात्र या टिळकांच्या स्वभावातले दोष आणि त्यांतून त्यांचे घडत जाणे, ही बाजू कमी जणांना माहीत असते.

बालपण कसे गेले?

नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील वामनराव कडक आणि रागीट होते. आई जानकीबाई भाविक होत्या, त्यांना कवितेची आवड होती. मुलाला आईचा लळा होता आणि वडिलांचा धाक. आईच्या मृत्यूनंतर या मुलाने लहान वयातच घर सोडले आणि नाशिक गाठले. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृतचे धडे घेतले. काव्य, पुराण आणि वक्तृत्व यांत ते लवकरच तयार झाले.

आईकडून कविता आली, तसा वडिलांकडून संतापही आला. घर सोडून निघून जाण्याची सवयही पुढे आयुष्यभर पुरली.

संसारात कसे होते?

नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका ही त्यांची पत्नी. लग्नाच्या वेळी ती जेमतेम ११ वर्षांची होती. हीच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून मराठी साहित्यात अजरामर झाली. संसार मात्र धड एका गावी टिकत नव्हता. टिळक कधी शिक्षक होते, कधी कीर्तनकार, तर कधी छापखान्यात. नोकरी लागे, सुटे आणि ते पुढच्या गावी जात. अनेकदा बायकोला काही न सांगता ते निघून जात. ती कधी सासरी, कधी माहेरी दिवस काढी. हातात पैसा आला तरी तो टिकत नसे. कोणी गरजू दिसला की देऊन मोकळे होत. राग आला की घर डोक्यावर घेत आणि उतरला की लहान मुलासारखे होत.

लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त हे सारे काही न लपवता लिहून ठेवले आहे. नवऱ्याला देवमाणूस करून ठेवण्याचा मोह त्यांनी टाळला, म्हणूनच हे आयुष्य आज खरेपणाने सांगता येते.

विदर्भाशी त्यांचा काय संबंध?

१८९१ च्या सुमारास टिळक नागपूरला आले. तिथले धनिक आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले. हिंदू धर्मातील प्रश्नांची चर्चा करणारे ‘ऋषि’ हे मासिकही चालवले. मूर्तिपूजा, जातिभेद आणि रूढी यांविषयी त्यांच्या मनात तेव्हाच शंका होत्या. सगळ्या देशाला एकत्र बांधील असा धर्म हवा, असे त्यांना वाटू लागले होते. तो धर्म कोणता, याचे उत्तर मात्र सापडले नव्हते.

रेल्वेच्या डब्यात काय घडले?

१८९३ मध्ये नोकरीच्या शोधात ते नागपूरहून रेल्वेने राजनांदगाव संस्थानाकडे निघाले. हे गाव आज छत्तीसगडमध्ये आहे. डब्यात एक अनोळखी युरोपीय प्रवासी भेटला. संस्कृत साहित्यावर गप्पा रंगल्या. उतरण्याआधी त्याने टिळकांना नवा करार भेट दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे सांगितले. टिळकांना हे भाकीत पटले नाही. पण पुस्तक वाचण्याचा शब्द त्यांनी पाळला. मत्तयच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थांबले. शत्रूवर प्रेम करायला आणि दुसऱ्याचा न्याय न करायला सांगणारी ती शिकवण तापट स्वभावाच्या माणसाला आतून हलवून गेली.

ख्रिस्ती दृष्टीने पाहणारे या भेटीत देवाचा हात पाहतात. इतरांना तो योगायोग वाटेल. एवढे खरे की भाकीत वेळेत खरे ठरले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला.

किंमत कोणी मोजली?

पत्नीला विश्वासात न घेता हे पाऊल उचलले गेले. बातमी कळली तेव्हा लक्ष्मीबाई कोसळल्या. नवरा जिवंत होता, पण त्या काळच्या समाजाच्या दृष्टीने तो गेल्यात जमा. पदरात लहानगा दत्तू. पुढची चार-साडेचार वर्षे त्यांनी नातेवाइकांकडे काढली. लोकांचे टोमणे, पैशांची चणचण आणि अधांतरी आयुष्य हे सारे त्यांच्या वाट्याला आले. टिळकांनाही आप्तांनी दूर केले. पण निर्णय त्यांचा होता आणि त्याचा जास्त भार एका निरपराध बाईवर पडला. त्यांच्या चरित्रातली ही सर्वांत अवघड जागा आहे.

याकोबाची गोष्ट इथे का आठवते?

टिळकांनी स्वीकारलेल्या धर्मग्रंथात अशीच एका सदोष कुलपुरुषाची कथा आहे. उत्पत्तीच्या पुस्तकातल्या याकोबाने भुकेल्या भावाकडून डाळीच्या वाटीवर ज्येष्ठपणाचा हक्क घेतला. अंध बापाला फसवून आशीर्वाद मिळवला आणि मग घर सोडून पळाला. बेथेलला स्वप्नात त्याला आकाशापर्यंत पोहोचलेली शिडी दिसली, देवाचे वचन मिळाले. तरीही तो एका रात्रीत सुधारला नाही. लाबान मामाने त्यालाच फसवले. राहेलसाठी सात वर्षे राबलेल्या याकोबाला आधी लेआ देण्यात आली. राहेलसाठी त्याला आणखी सात वर्षांची चाकरी कबूल करावी लागली. मामाकडे २० वर्षे काढून परतताना यब्बोक नदीकाठी रात्रभर झुंज झाली. जांघेचा सांधा निखळला आणि याकोबाला इस्राएल हे नवे नाव मिळाले. सकाळी तो लंगडत भावाला सामोरा गेला, आणि भावाने त्याला मिठी मारली.

या कथेचा अर्थ ख्रिस्ती परंपरा असा लावते की देव आधी चांगला झालेला माणूस शोधत नाही. आहे त्या माणसाला हाती घेतो आणि वर्षानुवर्षे घडवतो. टिळकांची बाप्तिस्म्यानंतरची २४ वर्षे या चौकटीत नीट समजतात.

बदल कधी आणि कसा झाला?

बाप्तिस्म्याच्या दिवशी टिळकांचा स्वभाव बदलला नव्हता. घडण सुरू झाली ती वाट पाहण्यापासून. आजवर ते निघून जात आणि बायको वाट पाही. आता वाट पाहण्याची पाळी त्यांची होती. दुसरे लग्न न करता ते पत्नीला पत्रे लिहीत राहिले.

अखेर लक्ष्मीबाई अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) आल्या. पण नवऱ्याचा धर्म त्यांनी लगेच स्वीकारला नाही. सुरुवातीला वेगळे राहून त्या आपले सोवळे पाळत. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. एकेकाळी घरात आपलाच शब्द चालवणाऱ्या माणसासाठी ही लहान गोष्ट नव्हती. जातिभेद माणसाने केला, देवाने नाही, हे लक्ष्मीबाईंना स्वतःच्या विचारातून पटले आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. दुष्काळाच्या त्या काळात दोघांनी अनाथ मुलांना घरात आणले. खाणारी तोंडे वाढली, तसे घराला घरपण आले.

राग पुरता गेला नाही, पैसाही कधी टिकला नाही. पण पळून जाणारा माणूस आता दुसऱ्यांना आसरा देऊ लागला. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात चमकलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच बालकवी, यांना टिळकांनी आपल्या घरी नेले आणि मुलासारखे सांभाळले.

मराठीला त्यांनी काय दिले?

फुलांवर आणि मुलांवर लिहिलेल्या कवितांमुळे त्यांना फुलामुलांचे कवी म्हटले जाते. ख्रिस्ती उपासना परदेशी चालींतून बाहेर काढून अभंग, भजन आणि कीर्तनाच्या वळणावर आणण्यात त्यांचा वाटा मोठा. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची धारणा होती. ‘उपासना संगीत’ या मराठी भजनसंग्रहात आजही त्यांची अनेक गीते आहेत. ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी १९१२ पासून अखेरपर्यंत केले. येशूचे चरित्र सांगणारे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही हाती घेतले.

शेवटची वर्षे कशी होती?

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे येशूचे शिष्य म्हणून जागा होती. परदेशी पैशावर अवलंबून नसलेली, इथल्या मातीतली मंडळी उभी करण्याचे हे स्वप्न होते. ते पुरे होण्याआधी, ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

मागे काय उरले?

‘ख्रिस्तायन’चे सुमारे दहाच अध्याय टिळकांच्या हातून झाले होते. उरलेल्या काव्याचा बहुतेक भाग लक्ष्मीबाईंनी रचला. ज्या धर्मांतराने त्यांचा संसार मोडला होता, त्याच श्रद्धेचे अपुरे काव्य त्यांनी तडीस नेले. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले आणि १९३६ मध्ये त्या गेल्या.

याकोबाला आशीर्वाद मिळाला, पण त्याचे लंगडणे कायम राहिले. टिळकांचा तापटपणाही तसाच राहिला. त्यांच्या दोषांची सर्वांत जास्त झळ जिला लागली, तिनेच ते दोष लिहून ठेवले आणि त्यांचे अर्धे राहिलेले कामही पुढे नेले. टिळक किती बदलले, याची यापेक्षा मोठी साक्ष कोणती असू शकेल?